विंचवाचे बिऱ्हाड

ग्वाल्हेरच्या एका भगिनींचे पत्र गेल्या महिन्यात आमच्याकडे आले. त्यांची कन्या सव्वीस वर्षांची, शिकलेली, चांगल्या नोकरीत असलेली. तिने घरी सांगून टाकले आहे की, नोकरीचा राजीनामा द्यावयाचा आणि साठविलेल्या पैशांवर वर्षभर, पाठीवर एक सॅक घेऊन, शक्य तेवढे जमिनीवरून परदेश हिंडावयाचे. वडिलांनी तिच्याशी बोलणे टाकले आहे. आजीचे म्हणणे, यात्रा म्हातारपणी करावयाच्या असतात. भगिनी विचारतात, हे खूळ आले कोठून, आणि आम्ही आईबापांनी करावे तरी काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस बऱ्यापैकी देता येईल. दुसऱ्याचे उत्तर पहिल्याच्या पोटातून निघाले तर पाहू.

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही आपल्याकडील म्हण कौतुकाची नव्हे. ज्याला धड ठाव नाही, दाराला कुलूप लावण्याइतकेही ज्याच्या मागे काही नाही, त्याला ती लावण्यात येते. आपण तर घरे करून राहिलेली माणसे. आपले पूर्वज शिंदे-होळकर-गायकवाडांच्या मागून पुण्या-साताऱ्याकडून निघाले, ते येथे येऊन वाडे बांधून बसले, आणि त्यानंतर आपण फिरलो ते बहुधा बदलीच्या हुकुमाने. तेव्हा मुद्दाम बेघर होण्याची ही हौस आपणास चमत्कारिक वाटली तर नवल नाही.

परंतु हे खूळ आपल्या दारावरूनच गेलेले आहे. १९५७ सालच्या एप्रिलात लंडनहून ‘इंडियामन’ नावाची एक बस कलकत्त्यास निघाली. गॅरो-फिशर नावाचे गृहस्थ ती चालवीत. प्रवासी वीस, एका बाजूचे भाडे ८५ पौंड. जूनच्या आरंभी ती कलकत्त्यास पोहोचली आणि ऑगस्टात लंडनला परतलीही. त्याच्या आदल्या वर्षी ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या सहा तरुणांनी दोन मोटारी लंडनहून थेट सिंगापूरपर्यंत नेल्या होत्या. रस्ता आहे, हे एकदा सिद्ध झाल्यावर मग काय! साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात जुन्या मोटारी, टपालखात्याच्या मोडीत काढलेल्या गाड्या, जे मिळेल ते घेऊन युरोप-अमेरिकेची तरुण मुले पूर्वेकडे लोटली.

त्यांचा मार्ग जवळजवळ ठरलेला असे. इस्तंबूलला निळ्या मशिदीच्या परिसरात चोल्पान बंधूंनी १९५७ साली ‘लाले’ नावाचे उपाहारगृह काढले. दर्शनी काचेमागे मांडलेल्या दुधाच्या गोड पदार्थांवरून या मुलांनी त्याचे नाव ‘पुडिंग शॉप’ पाडले. तेथील भिंतीवर एक फलक होता. दिल्लीला जाणाऱ्या गाडीत दोन जागा आहेत, सोबत हवी आहे, अमुक तारखेपर्यंत वाट पाहिली, पुढे गेलो, अशा चिठ्ठ्या त्यावर टोचलेल्या असत. घरी पत्र नाही, तार नाही. पण त्या फलकावर मात्र निरोप असे! पुढे बॉस्फोरसची खाडी. तीवर १९७३ साली पूल झाला. तोवर नावेशिवाय गत्यंतर नव्हते. मग एर्झुरूमची हाडे गोठविणारी थंडी, अरारत पर्वताच्या पायथ्याशी इराणची हद्द, तब्रीझ, तेहरान, मशहद आणि हेरात. हेरातहून कंदाहारपर्यंतचा काँक्रीटचा रस्ता रशियनांनी बांधून दिलेला, कंदाहारहून काबूलपर्यंतचा डांबरी अमेरिकनांनी. जगाच्या दोन महासत्ता एका दरिद्री देशात रस्ते बांधण्याची चढाओढ करीत होत्या आणि त्या रस्त्यांवरून ही केसाळ पोरे सुखाने चालली होती. काबूलच्या ‘चिकन स्ट्रीट’वर मुक्काम, पुढे खैबर, पेशावर, लाहोर, अमृतसर, दिल्ली. दिल्लीहून एक फाटा काठमांडूस जाई. तेथे झोछें मोहल्ल्याची गल्ली ‘फ्रीक स्ट्रीट’ म्हणून प्रसिद्धीस आली. दुसरा फाटा गोव्यास, कळंगुट, हणजूण, वागातोरच्या किनाऱ्यांवर. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत लाहोर-अमृतसरच्या मध्ये दार बंद झाले, तेवढाच काय तो अडथळा.

या लोंढ्यात सर्वच नशेखोर नव्हते. पण नशा पुष्कळांचे निमित्त होते, हेही लपविण्यात अर्थ नाही. नेपाळने गांजा-चरसाच्या दुकानांचे परवाने १९७३ साली रद्द केले, आणि आपल्याकडे १९८५ साली कडक कायदा झाला.

त्या रस्त्यावरून १९७२ साली टोनी आणि मॉरीन व्हीलर हे नुकतेच लग्न झालेले इंग्रज जोडपे गेले. जुनी मोटार त्यांनी अफगाणिस्तानात विकली आणि मजल दरमजल करीत ते सिडनीस पोहोचले. तेव्हा दोघांत मिळून सत्तावीस सेंट उरले होते. लोक विचारू लागले, कसे गेलात? म्हणून १९७३ साली त्यांनी ‘अ‍ॅक्रॉस एशिया ऑन द चीप’ ही शंभरेक पानांची पुस्तिका घरच्या घरी पाने जुळवून काढली. ‘लोनली प्लॅनेट’ या प्रकाशनसंस्थेचा तो आरंभ. भारतावरील त्यांचा मार्गदर्शक ग्रंथ १९८१ साली आला. पण तोवर तो रस्ताच राहिला नव्हता. १९७९ च्या जानेवारीत इराणचे शहा देश सोडून गेले आणि फेब्रुवारीत राज्यक्रांती झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रशियन फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. १९८० च्या सप्टेंबरात इराक-इराण युद्ध पेटले. अवघ्या वीस-पंचवीस वर्षांचे आयुष्य त्या वाटेला लाभले.

आता आमचे थोडे वेगळे म्हणणे. ही सारी हकीकत नेहमी जाणाऱ्याच्या बाजूने सांगितली जाते. आम्ही दार उघडणाऱ्यांपैकी आहोत, म्हणून आमची नजर उंबऱ्याच्या आतल्या बाजूकडे जाते. ‘स्वस्तात’ हा शब्द त्या पुस्तिकेच्या नावातच आहे. स्वस्त कोणामुळे? तुर्कस्तानातील शेतकऱ्याने भाकरीचे पैसे घेतले नाहीत म्हणून, अफगाण चहावाल्याने रात्री सतरंजी पसरू दिली म्हणून, गोव्यातील एखाद्या रेंदेराच्या कुटुंबाने आपली खोली चार रुपयांसाठी रिकामी करून स्वतः ओसरीवर अंग टाकले म्हणून. त्या खोलीतल्या पाहुण्याने मायदेशी जाऊन आपल्या काटकसरीची फुशारकी मारावी, हे आम्हांस रुचत नाही. गरीब असणे वेगळे आणि परतीचा पासपोर्ट कमरेला बांधून गरिबीची चव घेणे वेगळे. एका रुपयासाठी भाजीवालीशी अर्धा तास हुज्जत घालणारे गोरे तरुण आमच्या पाहण्यात आहेत. हल्ली तीच विद्या शिकलेले आपलेही तरुण दिसू लागले आहेत.

याच्या अगदी उलट एक उदाहरण आहे, आणि ते याच वाटेवरचे आहे. १९६१ साली एकूणनव्वद वर्षांच्या बर्ट्रांड रसेल यांना अण्वस्त्रविरोधी सत्याग्रहात तुरुंगवास झाला. ती बातमी वाचून राजस्थानचे सतीश कुमार आणि केरळचे ई. पी. मेनन या दोन तरुणांनी ठरविले की, दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टन या चारही अण्वस्त्रधारी राजधान्यांस पायी जावयाचे. आशीर्वादासाठी ते विनोबांकडे गेले. विनोबांनी दोन गोष्टी सांगितल्या : शाकाहार सोडू नका, आणि जवळ एक पैसाही बाळगू नका. पैसा असला म्हणजे माणूस संध्याकाळी खाणावळ शोधतो. नसला म्हणजे त्याला कोणाच्या तरी दारी जावेच लागते, बोलावेच लागते, असा त्यामागील विचार. हे सांगणारे विनोबा आपल्या बडोद्यात वाढलेले. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस म्हणून निघाले, मध्येच सुरतेस उतरून काशीच्या गाडीत बसले आणि वडिलांना नंतर पत्राने कळविले. (त्या मानाने ग्वाल्हेरच्या कन्येने आधी सांगितले, हे काही थोडे नाही.)

१९६२ च्या जून महिन्यात दोघे गांधीजींच्या समाधीपासून निघाले. पाकिस्तानच्या हद्दीवर पोचवावयास आलेल्या स्नेह्यांनी वाटेसाठी अन्नाची पुडकी देऊ केली. पाकिस्तानात कोणी खावयास घालणार नाही, हे गृहीत धरून दिलेली ती पुडकी. म्हणजे अन्नाबरोबर अविश्वासही बांधून न्यावयाचा. त्यांनी ती घेतली नाहीत. हद्द ओलांडून थोडे पुढे जातात तो, वर्तमानपत्रात त्यांची वार्ता वाचलेला एक अनोळखी पाकिस्तानी तरुण त्यांना आपल्या घरी नेण्यासाठी वाट पाहत उभा होता! पुढे खैबर, काबूल, हेरात, तेहरान, काकेशस ओलांडून ते चालत गेले. जॉर्जियात काळ्या समुद्राच्या काठी एका चहाच्या कारखान्यातील स्त्रीने त्यांना चहाच्या चार पुड्या दिल्या, चार राजधान्यांसाठी एकेक. बॉम्बचे बटण दाबण्याची बुद्धी झाली तर आधी घटकाभर थांबून हा चहा घ्या, असे त्या राष्ट्रप्रमुखांना सांगा, हा तिचा निरोप. पॅरिसमध्ये त्यांना कोठडीत बसावे लागले. खाडी आणि महासागर अर्थातच चालून ओलांडता येत नाहीत, ते त्यांनी इतरांनी काढून दिलेल्या बोटीच्या तिकिटांवर ओलांडले. सुमारे ८,००० मैलांची ती यात्रा १९६४ च्या जानेवारीत वॉशिंग्टनला, दोनच महिन्यांपूर्वी मारल्या गेलेल्या केनेडींच्या समाधीपाशी संपली.

फुकटच जेवले की तेही, असे कोणी म्हणेल. जेवले, परंतु ज्याच्या घरी जेवले त्याच्यापाशी काही मागून न नेता काही ठेवून गेले. रात्री बसून बोलले, कशासाठी निघालो ते सांगितले. आपल्याकडे कीर्तनकार गावात येई, चार दिवस राही आणि शिधा घेऊन जाई, त्याला कोणी फुकट्या म्हटल्याचे ऐकिवात नाही. पाहुणा आणि ऐतखाऊ यांतला फरक पैशांचा नसतो.

आणि आपल्या लोकांनी जग हिंडणे हे काही कालपरवाचे नव्हे. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासास निघाले. त्यांतील आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे पृथ्वीप्रदक्षिणा करून १९२८ च्या मार्चमध्ये परतले. साडेचार वर्षांच्या आसपास ते घराबाहेर होते. त्यांच्या मातापित्यांना त्या काळात कसे वाटले असेल, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

आईबापांचा विषय निघाला म्हणून आयर्लंडच्या डेर्व्हला मर्फी यांची गोष्ट सांगतो. ही गोष्ट त्या भगिनींनी आणि त्यांच्या कन्येने एकत्र बसून वाचावी अशी आहे. १९४१ साली, दहाव्या वाढदिवसाला, डेर्व्हलास जुनी सायकल आणि जुना नकाशासंग्रह भेट मिळाला. काही दिवसांतच गावाजवळचा चढ चढताना तिच्या मनात आले की, हे पायडल असेच मारीत राहिले तर एक दिवस हिंदुस्थानात पोहोचता येईल. परंतु आई संधिवाताने अंथरुणाला खिळलेली. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि आईची शुश्रूषा सुरू झाली, ती सोळा वर्षे चालली. मधूनअधून काही आठवड्यांच्या सायकलसफरी होत, तेवढाच विसावा. १९६२ साली आई गेली. १९६३ च्या जानेवारीत, युरोपातील कित्येक वर्षांतल्या सर्वांत कडक हिवाळ्यात, ही एकतिसाव्या वर्षातली बाई सायकलवर बसून निघाली. युगोस्लाव्हियाच्या जंगलात लांडगे अंगावर आले, तेव्हा जवळचे पिस्तूल चालवावे लागले. अफगाणिस्तानात बसमधील भांडणात कोणाच्या तरी बंदुकीचा दस्ता लागून बरगड्या मोडल्या. तरीही त्या देशाच्या माणसांवर तिचा जीव जडला तो जडलाच. जुलैत ती दिल्लीस पोहोचली, आणि पोहोचल्यावर काय केले? तिबेटी निर्वासितांच्या मुलांसाठी छावणीत जाऊन राबली. ‘फुल टिल्ट’ हे तिचे पुस्तक १९६५ साली निघाले. पुढे १९७३ च्या हिवाळ्यात ती पुन्हा आली, तेव्हा पाच वर्षांची होऊ घातलेली मुलगी बरोबर होती. मुंबईस उतरून मायलेकी दक्षिणेत कोडगूपर्यंत गेल्या. २०२२ साली, नव्वदी गाठून, ती वारली.

या बाईने आईला टाकले नाही आणि हिंदुस्थानही टाकला नाही. मात्र यावरून कोणी मुलीस ‘आधी सोळा वर्षे सेवा कर’ असे सुचवू नये. मर्फीबाईंना ती वर्षे सुखाची गेली नव्हती, हे त्यांनी स्वतः मोकळेपणाने लिहिले आहे. आमचा रोख दुसरीकडे आहे. दहाव्या वर्षी मनात आलेली गोष्ट एकतिसाव्या वर्षापर्यंत टिकते, तिला खूळ म्हणता येत नाही. कन्येच्या मनात हे किती दिवसांपासून आहे, हे घरात कोणी विचारले आहे काय? पत्रात तसा उल्लेख नाही.

राहिली भीती. ती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. चार्ल्स शोभराज याच वाटेवरच्या तरुणांना हेरीत असे. एकट्या, दमलेल्या, पोट बिघडलेल्या प्रवाशाशी तो आपुलकीने वागे, औषध म्हणून गोळ्या देई आणि लुटून घेई. कित्येकांचे प्राणही त्याने घेतले. १९७६ साली दिल्लीत फ्रेंच विद्यार्थ्यांना अशाच गोळ्या चारताना तो सापडला. १९८६ च्या मार्चमध्ये तिहारच्या पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई खिलवून तो पळाला, आणि एप्रिलात गोव्यात पर्वरीच्या एका उपाहारगृहात मुंबई पोलिसांचे इन्स्पेक्टर मधुकर झेंडे यांनी त्याला पकडले. १९७१ सालीही त्याला पकडणारे झेंडेच होते. या प्रकरणातून घेण्यासारखे एवढेच की, त्याचे बळी रानात किंवा परक्या भाषेच्या खेड्यात सापडले नाहीत. आपल्यासारखीच भाषा बोलणाऱ्या, आपल्यासारख्याच कपड्यांतल्या मित्राच्या हातून फसले. म्हणून मुलींना आम्ही सांगू की, यजमान कुटुंबवत्सल असेल तर फार भिऊ नका. सहप्रवाशाला मात्र दहा वेळा पारखा. खाणेपिणे आणि औषध स्वतःचे. मुक्काम बदलला की घरी एक ओळ कळवावयाची, न चुकता. पूर्वी महिनेमहिने पत्र नसे. आता ती सबब उरलेली नाही.

आणखी एका गोष्टीची आठवण वडिलांना करून द्यावीशी वाटते. परदेशी जाण्याचा हक्क आपल्या नागरिकांस फुकट मिळालेला नाही. १९६७ पर्यंत पासपोर्ट देणे न देणे सरकारच्या मर्जीवर होते. त्या वर्षी एप्रिलात सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात परदेशगमन हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग ठरविला, आणि जूनमध्ये पासपोर्टचा कायदा झाला. १९७८ च्या मनेका गांधी खटल्याने तो हक्क आणखी पक्का केला. पैशांचेही तेच. गोरी पोरे आपल्या देशात वर्ष वर्ष काढीत होती, तेव्हा आपल्यापैकी कित्येक घरांतील मुले तीन पौंड खिशात घालून विलायतेस शिकावयास गेली. रिझर्व्ह बँकेने २००४ साली वर्षाला २५,००० डॉलरांची मुभा दिली, ती २०१५ साली २,५०,००० डॉलरांवर गेली. वडिलांच्या पिढीस जे शक्यच नव्हते, ते कन्येस शक्य आहे. बोलणे टाकण्यामागे याचाही काही अंश असेल काय, हे त्यांनीच आपल्या मनाशी पाहावे.

वाटेविषयी मात्र कन्येनेही जमिनीवर यावे. ती जुनी वाट आज जशीच्या तशी मिळणार नाही. काबूल २०२१ च्या ऑगस्टात पुन्हा तालिबानच्या हाती गेले. २०२५ च्या एप्रिलात अटारी-वाघ्याची चौकी बंद करण्यात आली. इराणने फेब्रुवारी २०२४ पासून भारतीयांना व्हिसाची माफी दिली होती. माणसे फसवून पळवून नेण्याचे प्रकार झाल्यावर ती नोव्हेंबर २०२५ मध्ये काढून घेतली. पूर्वेकडे मणिपुरातील मोरेहून ब्रह्मदेशात उतरण्याची वाट २०१८ साली प्रवाशांस खुली झाली, २०२० च्या साथीत मिटली, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत तेथे लष्कराने सत्ता घेतली. म्हणजे पहिला टप्पा विमानानेच गाठावा लागेल. युरोपच्या शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहता येत नाही, आणि व्हिसा देणारे नोकरीचा दाखला व बँकेचा हिशेब पाहतात. तेव्हा राजीनाम्याआधी वर्षभराची बिनपगारी रजा मागून पाहावी. मिळाली तर अर्ध्या अडचणी तेथेच सुटतात. आजारपणाचा विमा हवाच. परतीच्या तिकिटाइतके पैसे वेगळ्या खात्यात, आईच्या नावाने ठेवावेत आणि त्यांस हात लावू नये.

आणि प्रारंभ जवळून करावा. गोरखपूरहून सोनौली किंवा बिहारातून रक्सौल, तेथून काठमांडू. भारतीयांस तेथे व्हिसा लागत नाही. पासपोर्ट नसला तरी मतदार ओळखपत्रावर जाता येते. महिनाभर, एकटीने, बसने, ठरवून दिलेल्या पैशांत. पाठीवर किती ओझे झेपते, दररोज नवी जागा शोधण्याचा कंटाळा येतो की नाही, आजारी पडल्यावर एकटेपण कसे वाटते, हे तिला तेथे कळेल. ग्वाल्हेरहून गोरखपूरला रेल्वेने जाता येते. वडील स्टेशनपर्यंत पोचवावयास गेले तर फारच उत्तम.